कोल्हापुरात पहिल्यांदा येताय? मग शहराच्या घड्याळानं जेवा

दुपारचे अडीच वाजलेले असतात. पुण्याहून निघालेला कुणीतरी मित्र तावडे हॉटेलपाशी गाडी बाजूला घेतो आणि फोन करतो, "पोचलो बघ. आता मिसळ कुठं खायची सांग." मला दर वेळी तेच उत्तर द्यावं लागतं. मिसळ आज संपली भावा, आता उद्या सकाळी. आता मटण खाऊया.

(तावडे हॉटेल म्हणजे तिथं जाऊन जेवायचं असं नाही. महामार्गावरून शहरात वळायच्या फाट्याचं ते नाव आहे. बसवाले, रिक्षावाले, पाहुणे घ्यायला आलेली माणसं, सगळे तेच नाव घेतात. पहिल्यांदा येणाऱ्यानं ते लक्षात ठेवावं.)

कोल्हापुरात काय खायचं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या चुकीच्या नसतात, पण त्यांत वेळ दिलेली नसते आणि इथं सगळा खेळ वेळेचा आहे. सकाळचं खाणं संध्याकाळी मिळत नाही, आणि संध्याकाळचं सकाळी मागितलं तर दुकानाचं शटर बंद दिसतं. बाहेरून आलेल्या माणसाची निराशा होते ती बहुतेक वेळा चुकीच्या हॉटेलात गेल्यामुळे नाही, चुकीच्या वेळी गेल्यामुळे. म्हणून हा लेख घड्याळाप्रमाणे लिहितोय. एक रात्र मुक्काम आणि दीड-दोन दिवस हातात आहेत असं धरून चला.

आधी तिखटाची भीती काढून टाका

बाहेरच्या हॉटेलांत "व्हेज कोल्हापुरी" नावाची लालभडक भाजी मिळते. वर अख्खी सुकी मिरची ठेवलेली असते. ती भाजी कोल्हापूरच्या घरांत कुणी करत नाही. तिच्यामुळे कोल्हापूर म्हणजे जिभेची आग असं समीकरण देशभर झालं आणि लोक इथं यायच्या आधीच खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या भरून येतात.

इथल्या स्वयंपाकाचा जीव आहे तो चटणीत. आम्ही चटणी म्हणतो तेव्हा हिरवी, ओली चटणी डोळ्यांपुढे आणू नका. कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडे नुसतं चटणी म्हणतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची हा घराघरातला मोठा कार्यक्रम असतो. मिरच्या गच्चीवर वाळतात. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी गडहिंग्लज-संकेश्वर भागातली जवारी मिरची आणि घरच्या सोसण्याप्रमाणे थोडी लवंगी. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला भाजून घ्यायचा, कांदा तळून घ्यायचा, लसूण सोलायचा आणि सगळं घेऊन कांडपावर जायचं. त्या दिवसांत गल्लीतून जाताना शिंका येतात. ही चटणी तिखट असते, पण तिच्यात कांद्याचा गोडवा, लसणाचा ठसका आणि खोबऱ्याचं तेलही असतं. म्हणून इथला रस्सा दिसतो त्यापेक्षा सौम्य लागतो. लाल रंग पाहून घाबरू नका, पहिले दोन घोट घ्या आणि मग ठरवा.

तरीही पोट नाजूक असेल तर सांगायला लाजायचं कारण नाही. "कट कमी टाका" म्हटलं की मिसळवाले वरचा तिखट रस्सा कमी टाकतात. सोबत दही मागा. पाण्यापेक्षा दह्यानं तिखट लवकर उतरतं.

सकाळ: दूध, मग मिसळ

लवकर उठणारे असाल तर गंगावेशीत जा. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. फेसाळलेलं, कोमट, दाट दूध. गंगावेशीचा दूधकट्टा म्हणून ही जागा ओळखली जाते. शहराच्या मधोमध, रहदारीच्या रस्त्याकडेला म्हैस उभी आहे आणि तिच्याभोवती दूध प्यायला आलेली माणसं, हे दृश्य मी लहानपणापासून पाहतोय आणि अजूनही तिथून जाताना थांबतो. तालमीत जाणाऱ्या पोरांचं शहर आहे हे, दुधाचं वेड त्यातूनच आलं.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगतो. धारोष्ण दूध न तापवलेलं असतं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले यांनी ते पिऊ नये. त्यांना जवळच्या दुकानातलं कढईत आटवलेलं गरम दूध पाजा. चव तीही सुंदर असते.

त्यानंतर मिसळ. आठ ते दहा ही तिची खरी वेळ. अकराला गेलात तर रांग असेल, एकनंतर गेलात तर पातेलं तळाला गेलेलं असेल. रविवारी तर साडेआठलाच जा.

कोल्हापूरच्या मिसळीची मांडणी समजून घ्या, म्हणजे पुण्या-नाशिकच्या मिसळीशी तुलना करत बसणार नाही. ताटलीत मोडाच्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-चिवडा-फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि मग वरून कट. कट म्हणजे तर्रीदार पातळ रस्सा, चटणीचा आणि मसाल्याचा. तो वेगळ्या भांड्यातही मिळतो आणि संपला की पुन्हा वाढतात. सोबत पाव येत नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. बाहेरचे लोक इथं हटकून विचारतात, "पाव नाही का?" आमच्याकडे मिसळीबरोबर ब्रेडच. तो कट जास्त पितो आणि बोटात चुरगळत नाही. एकदम सगळा कट ओतून घेऊ नका. फरसाण कुरकुरीत असतानाच अर्धी मिसळ खा, मग कट घेत राहा.

कुठं जायचं? शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ सगळ्यांत प्रसिद्ध आहे. भोवती लेथ आणि फाउंड्रीची वर्कशॉप आहेत, त्यात ही जागा. कामगारांच्या भुकेला पुरेल असं खाणं तिथं का रुजलं ते वस्ती पाहिली की कळतं. नाव मोठं असल्यामुळे गर्दीही मोठी, तेव्हा थांबायची तयारी ठेवून जा. कसबा बावड्याकडे मुक्काम असेल तर बावडा मिसळ. देवळाच्या आसपास असाल तर महाद्वार रोडच्या बाजूला चोरगे आणि खासबागेजवळ खासबाग मिसळ. प्रत्येकाचा कट वेगळा आहे. फडतरेंचा मला मसाल्याला भरगच्च वाटतो, बावड्याचा जास्त झणझणीत. कोणती चांगली यावरून इथं घराघरात भांडणं आहेत आणि मी त्यात बाजू घेतो ती बावड्याची. पण एकच सकाळ हातात असेल तर जी तुमच्या मुक्कामापासून चालत जाण्याजोगी आहे तीच खा. गाडीतून शहर ओलांडत दुसरीकडे जाण्यात अर्धी सकाळ जाते.

मिसळीचा कंटाळा असेल तर कटवडा घ्या, म्हणजे कटात बुडवलेला बटाटेवडा. इथला वडा आकारानं मोठा असतो, एक पुरतो. लोणी डोसाही सकाळी गाड्यांवर मिळतो. दावणगिरीहून आलेली ही चीज कोल्हापूरनं इतकी आपली केली आहे की चौकाचौकात तवा तापलेला दिसतो. मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी तोच चांगला.

दुपार: मटणाचं ताट

आता मुख्य गोष्ट. कोल्हापूरला येऊन तांबडा-पांढरा न खाता जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबा न पाहता परतणं. मांसाहार करत असाल तर एक दुपार पूर्ण याच्यासाठी ठेवा आणि नंतर दोन तास कुठलंही काम ठेवू नका.

वार पाहा. रविवारी आणि बुधवारी शहर मटण खातं, तेव्हा माल ताजा असतो आणि खानावळी भरलेल्या असतात. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, अनेक घरांत त्या दिवशी शिजत नाही, पण हॉटेलं चालू असतात. श्रावणात आणि नवरात्रात बरेच इथले लोक बंद करतात. याउलट आषाढात शहराला मटणाचं भरतं येतं. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतल्या बायका ते कलशातून टेंबलाई देवीला घेऊन जातात, पुढं पी-ढबाक हे वाद्य वाजत असतं आणि यात्रेनंतर गल्लीत मटणाचे वाटे पडतात. त्या दिवसांत इथं कुणी ओळखीचं असेल तर हॉटेलात जाऊच नका. त्यांच्या घरी जेवा.

बारा ते दीड ही जागा मिळायची वेळ. नंतर थांबावं लागतं आणि साडेतीनच्या पुढे बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रात्री साडेसातपासून पुन्हा सुरू होतं, पण मी दुपारच सुचवेन. एवढं जेवण रात्री पचायला जड जातं.

नावं सांगायची तर लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस जुनं आणि साधं आहे. मांडणीला भपका नाही, ताट चोख. जुन्या पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचं ओपल कुटुंब घेऊन बसायला बरं, मोठी माणसं सोबत असतील तर सोयीचं. देहाती आणि परख ही नावंही तुम्हाला रिक्षावाल्याकडून ऐकू येतील आणि तो खोटं सांगत नाही. याशिवाय पेठांमधून घरगुती खानावळी आहेत, पुढच्या खोलीत चार-पाच टेबलं आणि मागं घर. त्यांची पाटी लहान असते. मुक्कामाच्या लॉजवर काम करणाऱ्या माणसाला "तुम्ही स्वतः कुठं जेवता?" असं विचारा. "चांगलं हॉटेल कुठलं?" विचारलंत तर तो तुम्हाला एसी असलेली जागा सांगेल, कारण पाहुण्याला तेच हवं असतं असं त्याला वाटतं.

ताट कसं मागवायचं? मेनूकार्डातून एकेक पदार्थ निवडू नका. "मटण ताट" म्हणा. त्यात बहुतेक ठिकाणी सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, चपाती किंवा भाकरी, भात आणि दही-कांदा येतो. काही ठिकाणी खिमा आणि अंडंही असतं. चपाती की भाकरी असं विचारतील तेव्हा भाकरी सांगा. जोंधळ्याची भाकरी रस्सा जसा धरते तसा चपाती धरत नाही.

हे दोन रस्से येतात कुठून ते माहीत असलं की खायला जास्त गोडी येते. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. मटणाचा सगळा अर्क त्यात उतरलेला असतो. घरात मटण शिजत असलं की लहान मुलांना आणि आजारी माणसाला आधी वाटीभर अळणी पाणी देतात, मिरचीचा कण नसलेलं. या एकाच अळणीचे पुढे दोन रस्ते होतात. अर्ध्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं की तांबडा. अर्ध्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू यांचं वाटण आणि दालचिनी, वेलदोडा, मिऱ्याची फोडणी दिली की पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नसते, नाहीतर तो फुटतो. म्हणून चांगला पांढरा मिळणं ही त्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा. तो पिठासारखा घट्ट असेल किंवा नुसता दुधाळ, गोडसर लागत असेल तर आचाऱ्यानं अळणीत काटकसर केली आहे. पातळ, गरम आणि जिभेच्या मागच्या बाजूला मिऱ्याचा हलका चटका, असा हवा. तीळ, काजू किंवा नारळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र पांढरा टाळावा. तांबड्यातही खोबरं आणि चटणीतले तीळ असतातच, तेव्हा आधी विचारून घ्या.

आता खायची रीत. पांढरा आला की तो गरम असतानाच पिऊन टाका, वाटी तोंडाला लावून. चमचा शोधू नका. दुसरी वाटी मागा. बहुतेक ठिकाणी दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात, तरी नव्या जागी "रस्सा परत मिळतो ना?" असं आधीच विचारून घ्यावं. मग भाकरी तांबड्यात कुस्करा, वर सुक्या मटणाचा तुकडा, दह्यातला कांदा आणि लिंबू. भात शेवटी आणि थोडाच, तांबडा ओतून. पहिल्यांदा येणारे सुरुवातीलाच तीन चपात्या सुक्याबरोबर संपवतात आणि रस्से निवत ठेवतात. रस्सा निवला की त्यावर तेलाची साय धरते आणि मजा गेली.

सवय झाली असेल तर दुसऱ्या खेपेला मटण लोणचं किंवा रक्ती-मुंडी (बकऱ्याचं रक्त आणि मुंडकं) मागवून पाहा. रक्ती सगळ्यांना आवडत नाही. पण आवडली तर पुन्हा पुन्हा आठवते.

मटण खात नसाल तर

शाकाहारी माणसाचे कोल्हापुरात हाल होतात असं बाहेर पसरलंय. ते खरं नाही. मिसळीची दुकानं बहुतेक शाकाहारीच. जिल्ह्यात जैन वस्ती मोठी आहे, त्यामुळे कांदा-लसूण न घातलेलं जेवणही विचारलं की मिळतं. जेवणासाठी अख्खा मसूर मागवा. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवरची ही चीज, अख्ख्या मसुराची घट्ट, चटणीदार आमटी, सोबत ताटाबाहेर जाईल एवढी रोटी. त्याच्याबरोबर मिरचीचा खर्डा आणि दही. काही ठिकाणी शाकाहारी तांबडा-पांढराही करतात. तो बरा लागतो, पण अळणीशिवायच्या रस्स्यात जीव नसतो असं माझं मत आहे, तेव्हा मी तुम्हाला मसूरच सुचवेन.

देवदर्शनाला आलेल्यांसाठी अंबाबाई मंदिराजवळ दुपारी अन्नछत्र चालतं. रांगेत उभं राहून, पंगतीत बसून खाल्लेल्या प्रसादाच्या जेवणाला वेगळी चव असते.

गाडीचं एक सांगून ठेवतो. देवळाभोवतीचे रस्ते अरुंद आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तिथं गाडी आत घालणं म्हणजे तासभर अडकणं. बिंदू चौकाच्या बाजूला गाडी लावा आणि पायी फिरा. देऊळ, भवानी मंडप, खासबाग, महाद्वार रोड, कपिलतीर्थ मंडई, सगळं पायांखालचं आहे.

संध्याकाळ

दुपारच्या झोपेनंतर पाचच्या सुमारास भवानी मंडपातून खासबागेकडे चालत या. इथलं कुस्तीचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली बांधलं. मध्ये खोल हौदा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, तेव्हा आमच्यासारख्या अनेकांच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. या परिसरात संध्याकाळी खाऊगल्ली भरते आणि राजाभाऊंची भेळ इथलीच. कोल्हापूरच्या भेळेत चुरमुरे खमंग असतात, फरसाण सढळ, कांदा, टोमॅटो, चिंचेचं पाणी बेतानं आणि हंगामात कैरी. ती लगेच खायची असते. पुडा बांधून रंकाळ्यावर नेऊन खाऊ म्हणाल तर वाटेतच मऊ पडते.

भूक नसेल आणि काही पौष्टिक हवं असेल तर थंडाई घ्या. बदाम, खसखस, बडीशेप, मिरे वाटून दुधात. पैलवानांचं पेय, आता सगळ्यांचं.

चहा प्यायला बसलात तर एक गोष्ट आठवा. याच शहरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. गंगाराम दरबारच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार, असा प्रश्न होता. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलपुढं गाडी थांबवू लागले, गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. आपण आज कुठल्याही टपरीवर कुणाच्याही हातचा चहा सहज घेतो, त्यामागं कोल्हापुरातल्या या कपाचा वाटा आहे. पाहुण्यांना मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

मावळतीला रंकाळ्यावर जा. तिथं भाजलेली कणसं, भेळ, पाणीपुरी असतं. खाणं ठीकठाकच, पण तळ्यावरचा वारा आणि शालिनी पॅलेसमागं उतरणारा सूर्य यासाठी जायचं.

रात्री जड जेवायची गरज पडणार नाही. त्याऐवजी कोल्ड्रिंक हाऊसमध्ये बसा. इथं शब्दाचा घोळ होतो म्हणून सांगतो. कोल्हापुरात जुन्या माणसानं "चल, कोल्ड्रिंक घेऊया" म्हटलं तर बाटलीतलं सोडावॉटर नसतं, ते दूध कोल्ड्रिंक असतं. गार, दाट, गोड दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. दुसरी चीज कॉकटेल. त्यात दारूचा थेंब नाही. आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुका मेवा असं भरलेलं भांडं. सोळंकींचं नाव त्यासाठी घेतात. लहान मुलं असतील तर त्यांची इथली सगळ्यांत लाडकी आठवण हीच होते, मटण नव्हे.

26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला शहरात असाल तर सकाळी जिलेबी खा. त्या दिवशी चौकाचौकात मांडव पडतात, कढया पेटतात आणि झेंडावंदन करून निघालेला माणूस जिलेबीचा पुडा घेतल्याशिवाय घरी जात नाही. माळकरांची जिलेबी जुनी आणि नावाजलेली, ज्या चौकाला माळकर तिकटी म्हणतात तो त्यांच्याच नावाचा.

दुसरा दिवस, शहराबाहेर

पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. गडावर झुणका-भाकरी विकणाऱ्या मावश्या असतात. चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा, कांदा आणि मातीच्या छोट्या गाडग्यातलं दही. पावसाळ्यात धुकं उतरलेलं असताना तबक उद्यानाच्या बाजूला उभं राहून ही भाकरी खाण्यासाठी मी दर वर्षी एकदा तरी जातोच. तिथं घासाघीस करू नका. भाकरी थापणाऱ्या बाईनं पहाटेपासून सरपण वर वाहून आणलेलं असतं.

पूर्वेला नृसिंहवाडी, म्हणजे आमची नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं देऊळ आणि बाहेर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबट-गोड असते, बाहेर फारशी कुठं मिळत नाही. आधी तुकडा चाखायला मागा, देतात.

हिवाळ्यात आलात तर गुऱ्हाळ पाहायचंच. दिवाळीनंतर हंगाम रंगात येतो आणि मार्चच्या आसपास संपत येतो. शहरातून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, उसाच्या शेतात धूर दिसला की तिकडं वळा. "गुळव्या कुठं आहेत?" असं विचारा. गुळव्या म्हणजे रस कधी उतरवायचा ते ठरवणारा जाणता माणूस. मोठ्या काहिलीत रस कढत असतो, मळी काढत असतात. आधी रस प्या, मग गरम काकवी आणि वाफ्यात ओतलेला मऊ गूळ बोटानं. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

घरी काय न्यायचं

गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. रंग उजळायला त्यात रसायन घालतात. तपकिरी, थोडा गडद आणि फोडल्यावर रवाळ, असा घ्या. गुऱ्हाळावर घेतलात तर काकवीची बाटलीही घ्या, चपातीबरोबर महिनाभर पुरते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर सोडू नका. बारीक, सुवासिक असतो, साधा भात केला तरी शेजारच्या घरात वास जातो. पर्यटकांच्या दुकानांत त्या नावाखाली दुसराही तांदूळ विकला जातो, म्हणून आजरा भागातल्या ओळखीच्या माणसाकडून किंवा शेतकरी गटाकडून घेणं बरं. भडंगाचा एक पुडा प्रवासात खायला.

आणि चटणी. पाकिटातली मिळते, पण महिला बचत गटांची किंवा कांडपावर सुटी मिळणारी जास्त चांगली. अर्धा किलोपेक्षा जास्त पहिल्यांदा घेऊ नका. बाटली काचेची, पूर्ण कोरडी हवी. ओला चमचा घातलात तर महिन्यात बुरशी धरेल. घरी गेल्यावर पहिल्यांदा मटण करायच्या भानगडीत पडू नका. तव्यावर थोडं तेल तापवा, चमचाभर चटणी त्यावर टाका, लगेच गॅस बंद करा आणि गरम भाकरीवर ओता. जवळ दही ठेवा.